दोन मिलिमीटरची फट
(वर्गणीदारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिशोबाच्या कागदावर 'लेथचे काम' अशी एक ओळ आहे. ती कसली, असं मला आज सकाळपासून तिघांनी विचारलं. त्याचं उत्तर देतो.

आपली मोटरसायकल घोडेगावहून डिंभे धरणाच्या पाणलोटाकडेने आहुप्याच्या बाजूला जाते, तर कधी जुन्नरहून घाटघरकडे. पावसाळ्यानंतर त्या रस्त्याला रस्ता म्हणणं ही आपली सवय आहे. मागे कधी औषधांचा खोका, कधी गरोदर बाई, कधी डोळे तपासायला निघालेली म्हातारी. या खोऱ्यात एक गाडी काय करते हे आपण जाणता. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर आला, ती खबर बाहेर नेली एसटीच्या चालकानं.

तर, मागच्या डाव्या शॉकपमधून तेल गळू लागलं. मी जोडी बदलायची ठरवली. एकच बदलला तर गाडी एका अंगाला दबते. दुकानात जुना शॉकप नेला नाही, नुसतं गाडीचं नाव सांगितलं. ही माझी पहिली चूक. लांबी बरोबर आली, वरची बाजू बसली. खालच्या डोळ्याचं भोक मात्र १२ मिलिमीटरचं निघालं आणि आपला बोल्ट १० चा. शिवाय चिमट्याच्या दोन पाळ्यांमध्ये जागा २४ ची, नव्या डोळ्याची रुंदी २०.

मेकॅनिकनं बोल्टाला पत्र्याची पट्टी गुंडाळली, उरलेल्या जागेत एकाच बाजूला वायसर भरले आणि नट आवळला. मला दिसत होतं. पण अंधार पडायच्या आत वर पोचायचं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक खड्ड्याला मागून 'टक' असा आवाज. मी तो सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीवर ढकलला. पाचव्या दिवशी एका बाईला तपासणीहून वाडीवर सोडलं, सातवा महिना होता तिचा, आणि परत फिरताना सहज वाकून पाहिलं. पट्टी गायब. बोल्टाला मधोमध मानेसारखी खाच पडलेली. एकाच बाजूच्या वायसरांमुळे शॉकप तिरका उभा, दांड्याच्या सिलाशी तेलाचा ओलावा. उतारावर तो बोल्ट तुटला असता तर काय, हे मी त्या बाईला सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

पाळ्यांची भोकं मोठी करून १२ चा बोल्ट घालू, असं एकानं सुचवलं. मी नको म्हटलं. त्यानं पाळीच्या कडेचं लोखंड कमी होतं, आणि चिमटा बदलणं शॉकपपेक्षा कितीतरी महाग.

मंचरला लेथवर दोन कॉलरचे बुश करून घेतले, पोलादाचे. बाहेरून १२, आतून १०, कॉलर २ मिलिमीटर जाडीची. एक इकडून, एक तिकडून. २० आणि दोन-दोन मिळून २४ भरले, डोळा बरोबर मध्ये आला. बुशांच्या नळ्या मुद्दाम किंचित आखूड ठेवल्या. त्या आत एकमेकींना टेकल्या, तर कॉलर डोळ्याच्या आतल्या नळीला घट्ट धरत नाहीत. ती नळी पाळ्यांमध्ये घट्टच धरली गेली पाहिजे. हलायचं काम रबराचं, बोल्टाचं नाही. याच कारणानं शेवटचा आवळा गाडी स्टँडवर असताना दिला नाही. चाकं जमिनीवर ठेवून, माणूस बसवून दिला, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. बोल्ट नवा, नट न सुटणारा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहिला. सील गेलेला तो शॉकपही बदलावा लागला; तो खर्च लेथच्या खालच्या ओळीत आहे.

आपल्यापैकी काहीजण गाडीचे सुटे भाग भेट देतात. फार उपयोग होतो. फक्त घेण्याआधी आम्हाला विचारा. आम्ही जुना भाग नमुन्याला पाठवू, त्याची भोकं आणि रुंदी मोजून लिहून देऊ.

तो झिजलेला बोल्ट मी आणलाय. पहिल्या बाकापासून मागे द्या. तेलकट आहे, रुमालात धरा.