अर्धांगवायू आणि मूलपेशी : आशा कोठे ठेवावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मोताळा येथे दिलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक, वैद्य नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहो, कारण तो आमच्याच घरी येऊन बसला आहे. आमच्या वडील बंधूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. दोन महिन्यांनी कोणी सांगितले की, शहरात मूलपेशींची सुई मिळते, तिने हात चालू लागेल. अमक्या गावचा रोगी सुईनंतर चालू लागला, अशी साक्षही मिळाली. झाले! दोन एकर शेत विकण्याची सिद्धता झाली.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तेवढा भाग रक्तावाचून मरू लागतो. मूलपेशींपासून निरनिराळ्या पेशी निपजू शकतात. तेव्हा त्या ही हानी भरून काढतील, ही कल्पना काही वेडगळ नव्हे. म्हणूनच आपल्या देशात तिची रीतसर परीक्षा झाली. दिल्लीच्या एम्समधील डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच संस्थांनी १२० रोगी घेतले. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटास स्वतःच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे दिल्या, दुसऱ्यास दिल्या नाहीत. सहा महिन्यांनी पाहिले, तो दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अपाय दिसला नाही, तसा लाभही दिसला नाही. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ रोगी व्यायामाने व शुश्रूषेने सुईवाचूनही सुधारतात. म्हणून चालू लागलेला एक रोगी दाखविल्याने काहीच सिद्ध होत नाही. सुई न घेतलेला रोगीही त्याच्या शेजारी उभा करून पाहावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अर्धांगवायूवर हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. संशोधन पुढे चालूच आहे, आणि ते चालावे. पण त्यासाठी कोणी आपले शेत विकू नये.

मग आशा कोठे ठेवावी? घड्याळात! तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाली, तर गुठळी विरघळविणारे औषध देता येते. परंतु ते झटक्यापासून साडेचार तासांच्या आत. काही निवडक रोग्यांत नळी घालून गुठळी काढण्यास याहून अधिक अवधी मिळतो; तरी प्रत्येक मिनिटास मेंदू झिजतच असतो.

आमच्या बंधूंना झटका मध्यरात्रीनंतर आला. आम्ही अंगास तेल चोळीत उजाडण्याची वाट पाहिली. राजूर घाट चढून बुलढाण्यास पोहोचलो, तोवर ती वेळ टळून गेली होती. हा दोष सर्वस्वी आमचा.

पुढे शेत विकले नाही. रोजच्या व्यायामाने बंधू काठी टेकीत ओट्यापर्यंत येतात. शेत शाबूत राहिले, ती रात्र मात्र आम्हांस परत मिळत नाही. आपल्यापैकी कोणावर ती वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हे चार शब्द.