दाणा, काड आणि एकाच मण्याच्या माळा
(पेठ येथील बैठकीतील भाषण)



नागली विकली की पैसे वजनाचे मिळतात. त्या वजनात काय असते, तेवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

दाण्याचा मोठा भाग पिष्टाचा. पानात उन्हाच्या जोरावर ग्लुकोज ही साधी साखर तयार होते. तिचा एकेक कण म्हणजे एक मणी समजा. असे शेकडो, हजारो मणी ओवले की पिष्ट होते. नवल पुढेच आहे. काडातला चिवट धागा, म्हणजे सेल्युलोज, तोही ह्याच मण्यांचा! फरक फक्त गाठीचा. पिष्टाची माळ वेटोळे घेत जाते. सेल्युलोजमध्ये एकाआड एक मणी उलटा बसतो, त्यामुळे माळ सरळ राहते आणि शेजारच्या माळांना बिलगून तिचा दोर होतो. म्हणून ताट पेठच्या पावसातही उभे राहते. पिष्टाची गाठ आपल्या पोटातला पाचकरस सोडवतो, सेल्युलोजची त्याला सुटत नाही. बैलालाही स्वतःच्या बळावर ती सुटत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्म जीव ती सोडवतात. दाणा माणसाला, काड बैलाला, ही वाटणी त्या गाठीने केलेली आहे.

गव्हात ताणले जाणारे प्रथिन असते, म्हणून पोळी लाटता येते. नागलीत ते नाही. म्हणून मायबहिणी पीठ कढत पाण्यात मळतात. पिष्टाचे कण फुगतात, माळा मोकळ्या होतात आणि पीठ धरून ठेवतात. नागलीला मोड आणले की दाण्यात अमायलेज नावाची कात्री तयार होते. ती माळा तोडते, पेज पातळ होते, आणि लहान मुलाच्या पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त दाणा जातो. शास्त्राने ह्याला नाव दिले ते फार उशिरा. चुलीपाशी हे आधीपासून चालू होते.

दुसरी माळ प्रथिनांची. तिच्यात 20 प्रकारचे मणी. त्यांचा क्रम बदलला की माळेची घडी बदलते आणि घडीबरोबर काम बदलते. कुठे स्नायू, कुठे पाचकरस, कुठे रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन. ह्यातले 9 मणी शरीराला स्वतः करता येत नाहीत, ते खाऊनच मिळवावे लागतात. नागलीत लायसिन हा मणी कमी, मेथिओनिन बरे. उडदात नेमके उलटे. नागलीची भाकर आणि उडदाचे भुजे एका ताटात आले की एकाची उणीव दुसरा भरतो. नागलीत प्रथिन भरपूर असल्याचे हल्ली छापून येते, ते खरे नाही. ते 7 टक्क्यांच्या आसपास, तांदळाइतकेच. नागलीचे मोठेपण तंतूत आणि चुन्यात आहे. 100 ग्रॅममध्ये कॅल्शियम 340 मिलिग्रॅमच्या वर, तांदळात त्याचा विसावा हिस्साही नाही.

आता भाव बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर किलोला तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया असा दर लावला. सगळ्यात खालची पायरी आपली! 2018 मध्ये केंद्र सरकारने ‘भरड’ हे नाव बदलून ‘पौष्टिक’ केले. 2025-26 च्या हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये जाहीर झाला, साध्या भाताचा 2,369. दारावर येणारा व्यापारी ह्याहून कमी बोलला तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

राहिले बियाणे. कोणता मणी कोणत्या क्रमाने ओवायचा ते बियाण्यातल्या डीएनएत चार अक्षरांत लिहिलेले असते. नागलीचे परागीकरण बहुतेक आपल्याच फुलात होते, म्हणून ते लिखाण वर्षानुवर्षे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. संकरित मक्याचे तसे नाही. त्याचे घरचे बी पुढच्या वर्षी फुटून निघते. तेव्हा यंदा मळणीआधी चांगली कणसे वेगळी काढा. गरव्या आणि हळव्या नागलीची गाडगी मात्र निराळी ठेवा.