सेवकाचा दरबार



जेथे टेकडीवर गजबादेवीचे देवालय उभे आहे आणि खाली तांबळडेगच्या दिशेने पुळण पसरत गेली आहे, अशा मिठबावसारख्या गावी ख्रिस्ती साहित्यसेवकांनी एकत्र यावे आणि त्यांच्या अग्रस्थानी मला बसवावे, हे माझ्या योग्यतेपेक्षा आपल्या औदार्याचे द्योतक आहे. पण अग्रस्थान ही वस्तू आपल्या धर्मात मोठी अडचणीची. ज्याने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, आणि तेही यहूदी घरांत जे काम गुलामाकडे असे ते आपण होऊन पत्करून, त्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळ्यांत खुर्चीवरून जितके तंटे होतात तितके धर्मतत्त्वांवरून क्वचितच होत असतील!

या किनाऱ्यावर रापण ओढतात ती आपण पाहिली असेल. होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळ घालून परत येते, दोन टोकांचे दोर काठावरच्या दोन तुकड्या धरतात, आणि ज्याच्या इशाऱ्यावर सारे चालते तो तांडेलही गुडघाभर पाण्यात दोराला असतो. मासळी वाळूवर आली की मग वाटे पडतात. येशूने पहिले शिष्य निवडले ते याच व्यवसायातले, आणि हुकूम सोडणारा व दोर ओढणारा हे दोन निराळे इसम असतात अशी त्या कोळ्यांची तरी समजूत नसावी.

महाराष्ट्रात हा धडा ज्याने स्वतःच्या संसारावर गिरविला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी मला आज बोलावयाचे आहे. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे पतीच्या सान्निध्यात राहावयास आल्यावरही त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, सोवळे पाळले. आणि धर्मोपदेशकाच्या घरातच हा असा प्रकार चालल्याने लोकांत काय बोलले जाईल, याची तमा न बाळगता टिळकांनी ते चालू दिले. 1900 साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतः विचार करून. ज्याला शिष्य घडवावयाचा आहे त्याच्या अंगी पाच वर्षे वाट पाहण्याची ताकद असली पाहिजे, आणि ती आम्हां उपदेशकांत फारच दुर्मिळ आहे, हे मी येथे स्पष्ट बोलतो.

दुसरे उदाहरण बालकवींचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी अहमदनगरास टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. त्याच्या हट्टांची आणि रुसव्याफुगव्यांची हकीकत ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी ज्या मिस्कील मायेने सांगितली आहे ती मुळातूनच वाचावी. हा मुलगा अखेरपर्यंत ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे टिळकांच्या वात्सल्यात काही उणे पडले असे कोठे दिसत नाही. शिष्यांची मोजदाद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरून करणाऱ्यांनी हे प्रकरण कोणत्या रकान्यात घालावे, ते त्यांचे त्यांनी पाहावे.

1917 साली टिळकांनी मिशनचा मुशाहिरा सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त बंधू म्हणून बसणार होते. पगारपटावरचा एतद्देशीय सेवक कितीही विद्वान असला तरी मुखत्यारी दुसऱ्याची, हे त्यांना सलत होते. दोन वर्षांतच, 1919 च्या मे महिन्यात, ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. पण ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य त्यांनी दहाएक अध्यायांपर्यंत आणून सोडले होते, ते लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या याच बाईंनी 1933 साली नागपुरास ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. संस्था बुडाली, माणूस उरले. टिळकांच्या कारभाराचा हिशेब मी तरी असाच मांडीन.

केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापले, आणि त्यांत दुष्काळाने निराधार केलेल्या मुलीही होत्या. रमाबाई 1922 च्या एप्रिलात गेल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. मालकीण गेल्यावर जे काम अडले नाही, ते काम शिकविणारीने नीट शिकविले होते.

आमच्याकडे मात्र पाळकाने आजारी पडावे आणि त्या रविवारी उपदेश करण्यास कोणी नसावे, संपादकाने डोळे मिटावे आणि मासिकाचे दप्तर बांधून माळ्यावर जावे, हा रिवाज झाला आहे. तरुण येत नाहीत ही तक्रार मी पुष्कळ ऐकतो. आलेल्या तरुणांच्या हाती सतरंज्या उचलण्यापलीकडे आपण काय दिले, याचा जबाब मात्र कोणी देत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की पुढील अधिवेशनाचे अध्यक्षपद चाळिशीच्या आतील एखाद्या लेखकास, आणि शक्यतो लेखिकेस, द्यावे असा ठराव कार्यकारी मंडळाने उद्याच्या बैठकीत मांडावा. त्या अधिवेशनात मंडपाच्या व्यवस्थेचे काम माझ्याकडे सोपवावे, मी ते आनंदाने करीन.