मध्यरात्रीच्या उजेडातला संघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रात्रीचे दहा वाजून गेले आहेत, स्टँड माणसांनी भरलाय, खेळ सुरू होतोय आणि मैदानावर एकही दिवा लावलेला नाही. श्रोतेहो, वीज गेलेली नाही. अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या फेअरबँक्स गावी दरवर्षी २१ जूनच्या सुमारास बेसबॉलचा सामना होतो, तो असाच. हे गाव आर्क्टिक वृत्तापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री पाऊण वाजता मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या दोन तासांत पूर्ण अंधार पडतच नाही. त्यामुळे रात्री सुरू झालेला सामना मध्यरात्र उलटून गेली तरी दिव्यांवाचून खेळता येतो.

या सामन्याचा यजमान असलेल्या संघाबद्दल आज मला बोलायचं आहे. संघाचं नाव ‘अलास्का गोल्डपॅनर्स’. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचे कण शोधणारे झारेकरी असतात ना, तशीच नदीची रेती पसरट भांड्यात धुऊन सोनं वेगळं करणाऱ्याला तिकडे ‘गोल्डपॅनर’ म्हणतात. १९०२ साली या भागात सोनं सापडलं आणि सोन्याच्या मागे आलेल्या माणसांनी फेअरबँक्स वसवलं. १९०६ मध्ये गावातल्या दोन मद्यालयांच्या गिऱ्हाइकांत पैज लागली आणि मध्यरात्रीच्या उजेडात बेसबॉलचा पहिला सामना झाला. सामन्याची प्रथा अशी जुनी. संघ मात्र पुष्कळ नंतरचा, १९६० चा.

१९५९ च्या जानेवारीत अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी ‘रेड’ बाउचर या नौदलातून आलेल्या गृहस्थांनी हा संघ उभा केला. बाउचर स्वतःच संघाचे व्यवस्थापक. पुढे ते फेअरबँक्सचे महापौर झाले आणि १९७० ते १९७४ अलास्काचे लेफ्टनंट गव्हर्नरही होते. त्या वेळी गावाची वस्ती तेरा हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात, तेही वर्षातले सात महिने बर्फात असणाऱ्या, देशातले उत्तम खेळाडू आणायचे कसे? बाउचर यांनी ते आणले कॉलेजांतून.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत कॉलेजच्या संघांचे सामने मे-जूनपर्यंत संपतात. त्यानंतर ऑगस्टपर्यंत सुट्टी. व्यावसायिक खेळाडू म्हणून पैसे घेतले तर कॉलेजच्या संघातली जागा जाते. म्हणून उन्हाळी संघ खेळाडूंना मानधन देत नाहीत. मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहतात, त्यांच्या घरचं जेवतात. दिवसा एखादं छोटं-मोठं काम करायचं आणि संध्याकाळी खेळायचं. कॉलेजात १९७४ पासून धातूच्या बॅटला परवानगी आहे, पण व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडीच बॅट चालते. आता बहुतेक उन्हाळी स्पर्धांतही लाकडी बॅट असते. पोरगा खरोखर किती पाण्यात आहे हे तिथे कळतं, म्हणून मोठ्या क्लबांचे पारखी या सामन्यांना हजेरी लावतात.

एका उन्हाळ्याने माणसाचं आयुष्य कसं बदलतं, याचं उदाहरण म्हणजे टॉम सीव्हर. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा हा मुलगा. शाळा संपल्यावर त्याने मनुका भरण्याच्या कारखान्यात पेट्या उचलल्या, मरीन दलाच्या राखीव तुकडीत काही महिने काढले आणि मग गावातल्याच एका छोट्या कॉलेजात नाव घातलं. तो चेंडू टाकायचा चांगला, पण मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती द्यावी इतका चांगला आहे का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक रॉड डेडो यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात त्याला फेअरबँक्सला धाडलं. तिथे चमकलास तर शिष्यवृत्ती तुझी! असं सांगतात की, विमानातून उतरल्यावर गणवेश त्याने मोटारीतच चढवला आणि तो थेट मैदानावर हजर झाला. एकोणीस वर्षांच्या पोराचं पुढचं शिक्षण त्या दोन महिन्यांवर अवलंबून होतं.

शिष्यवृत्ती मिळाली. १९६९ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली, तेव्हा त्यांचा प्रमुख पिचर सीव्हर होता. कारकिर्दीत त्याने ३११ विजय मिळवले आणि १९९२ मध्ये त्याला बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. त्याच्यामागून डेव्ह विनफिल्ड आला, बॅरी बाँड्स आला. गोल्डपॅनर्सकडून खेळून पुढे सर्वोच्च श्रेणीत पोचलेल्यांची संख्या शंभराच्या वर आहे. कॅन्सास राज्यातल्या विचिटा शहरी होणारी राष्ट्रीय स्पर्धा या संघाने सहा वेळा जिंकली : १९७२, १९७३, १९७४, १९७६, १९८० आणि २००२.

मी स्वतः बरीच वर्षं एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होतो. दरवर्षी एप्रिल उजाडला की आमचं मैदान ओस पडायचं. मुलं गावी जायची. जूनमध्ये परतायची तेव्हा एखाद-दुसरा चेहरा नसायचा. घरात अडचण, म्हणून कुठे दुकानात लागला, कुठे कारखान्यात. अशा मुलांत एक उंच, सडपातळ गोलंदाज होता. त्याला दोन महिने कुणी ठेवून घेतलं असतं, दोन वेळा जेवू घातलं असतं आणि रोज चेंडू हातात दिला असता, तर तो कुठवर गेला असता? याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. म्हणूनच सीव्हरच्या गोष्टीत मला सीव्हरपेक्षा त्याला ठेवून घेणारं गाव मोठं वाटतं.

कारण बघा, या संघातला खेळाडू पाहुणा. जूनमध्ये येतो, ऑगस्टमध्ये जातो. पुढच्या वर्षी चेहरे नवे. मग संघ म्हणून टिकतं काय? खोली रिकामी करून देणारी कुटुंबं टिकतात. मैदान राखणारे हात टिकतात. त्या मैदानाला नाव आहे ते कुणा बड्या खेळाडूचं नाही. १९६४ च्या भूकंपानंतर आलेल्या लाटेत वाल्डीझ बंदरावर प्राण गमावलेल्या जेम्स ग्रोडन या स्थानिक क्रीडामार्गदर्शकाचं ते नाव आहे. आणि टिकते ती प्रथा. जूनमधल्या त्या सामन्यात मध्यरात्रीच्या सुमारास खेळ थांबतो, सगळे उभे राहून अलास्काचं राज्यगीत म्हणतात आणि मग खेळ पुढे सुरू होतो. संधिप्रकाशात चेंडू दिसायला जड जातं, तरी दिवे लावायचे नाहीत हा दंडक गावाने पाळला आहे.

गेलेले पाहुणेही हे विसरत नाहीत. साठच्या दशकात इथे खेळलेला आणि पुढे बोस्टनकडून नाव कमावलेला बिल ली २००८ मध्ये मध्यरात्रीच्या सामन्यात पुन्हा उतरला. वय वर्षं ६१. समोर नातवंडं शोभावीत अशी पोरं. आणि तो सामना त्याने जिंकून दिला!

गुणी मुलं सगळीकडेच असतात, श्रोतेहो. फेअरबँक्सने अशा मुलांना दिलं ते फार महागडं नव्हतं : एक खाट, घरचं जेवण, नीट राखलेलं मैदान आणि बघायला येणारी माणसं. येत्या उन्हाळ्यात आपल्या गावातलं मैदान ओस पडेल, तेव्हा यातलं आपल्याला काय देता येईल, एवढा विचार जरूर करावा.