कमी ऐकू येणाऱ्या मास्तराचा तास

मी सेक्टर ६७ मधून बोलतोय. पत्ता सांगताना लोक चंदीगड म्हणतात, खरं तर हे मोहाली, म्हणजे पंजाब. तोफखान्यातून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. तोफांनी जाताना एक भेट दिली: वरच्या पट्टीचे बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. उजव्या कानात यंत्र आहे. अशा माणसाने शाळेतल्या मुलांना ऑर्केस्ट्रा ऐकायला शिकवावं, यावर आमच्या घरात बरंच हसून झालंय.

जवळच्या एका शाळेत सातवीचा शनिवारचा तास मिळाला, ३५ मिनिटांचा. पहिल्या दिवशी मी फौजी सवयीने ब्रीफिंगच दिलं. व्हायोलिनवाले इथे बसतात, ट्रम्पेटवाले तिथे, बीथोव्हनचा जन्म १७७० चा. मुलं शहाण्यासारखी बसली आणि कुणालाही काहीही ऐकू आलं नाही. नकाशा दाखवत बसलो, डोंगरावर नेलंच नाही.

दुसऱ्या शनिवारी स्पीकर घरीच ठेवला. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची १९७२ ची 'क्लॅपिंग म्युझिक' घेतली. तिला वाद्यच लागत नाही, फक्त दोन माणसांच्या टाळ्या. १२ मात्रांचं एक आवर्तन, त्यात ८ टाळ्या, ४ जागा रिकाम्या. एक जण तेच धरून ठेवतो. दुसरा ठरलेल्या आवर्तनांनंतर एक मात्रा सरकतो, पुन्हा सरकतो, आणि बाराव्यांदा सरकल्यावर दोघं परत एकत्र येतात. आमचा वर्ग दुसऱ्यांदा सरकतानाच कोसळला. मी आयुष्यभर परेडवर 'कदम मिलाओ' ओरडलो. इथे कदम मुद्दाम चुकवायचा आणि मोजणी मात्र सोडायची नाही. झिम्मा खेळलेल्या बायकांना हे सहज जमेल, असं आमच्या सौ.चं म्हणणं होतं. तिलाही जमलं नाही.

मग जॉन ॲडम्सची १९८६ ची 'शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन'. जेमतेम चार मिनिटांची. लाकडी ठोकळ्याचा ठोका सुरू होतो आणि हटत नाही, बाकी सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्या अंगावर धावून येतो. अर्ध्या वर्गाने ठोका धरायचा, उरलेल्यांनी भांडण ऐकायचं. मध्येच मी विचारलं, "वर काय वाजतंय? मला खरंच ऐकू येत नाहीये." आधी शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "सर, चिड़िया जैसा कुछ है, बहुत ऊपर." ती पिकोलो, छोटी बासरी. त्यानंतर मला ऐकवायला चढाओढ लागली. उत्तर खिशात ठेवून विचारलेला प्रश्न मुलांना लगेच ओळखू येतो. हा तसा नव्हता.

एका आजोबांनी फाटकापाशी गाठलं. आपलं एवढं मोठं संगीत असताना हे कशाला? मी त्यांना झाकिर हुसेन यांच्या 'पेशकार'बद्दल सांगितलं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने तो तबला कॉन्चेर्टो लिहून घेतला आणि २०१५ मध्ये पहिल्यांदा वाजवला. आजोबांचं अर्धंच समाधान झालं. तबला आहे म्हणून ऐका, हे कारण मलाही अपुरंच वाटतं. ॲडम्समध्ये कुठे तबला आहे?

परीक्षा जवळ आल्या तसा तो तास गणिताकडे गेला. मी दोनदा विनंती केली, दोनदा चहा मिळाला. आता रविवारी सकाळी पाच-सहा मुलं माझ्या बैठकीत येतात.

त्यातला एक मुलगा गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला तबला वाजवतो. 'पेशकार'चा एक भाग ऐकताना डग्गा मला भरपूर ऐकू येतो, चाटीवरचे बोल निसटतात. ते तो मला म्हणून दाखवतो. त्याने एकदा विचारलं, बाकी सगळे कागद वाचून वाजवतायत, तबलेवाल्याने ऐनवेळी काही बदललं तर त्यांना कसं कळणार?

मी उलट विचारलं, "कीर्तनात कुठे थांबायचं, तुला कसं कळतं?"

"रागीजी की तरफ़ देखता हूँ."

म्हणून पुढच्या रविवारी एका ऑर्केस्ट्राचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, नुसते कंडक्टरचे हात. दोघांना कंटाळा आला. तबलेवाला मात्र हातानं मात्रा मोजत बसला होता.