'पण' या शब्दाचा हिशेब
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



१९२१ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. त्या बॉनजवळच्या कोलोन शहरात ३ सप्टेंबर १९८३ रोजी एक्रेम बोरा या कलावंताचा जन्म झाला. 'एको फ्रेश' या नावाने तो प्रसिद्ध आहे. तालावर झपाट्याने शब्द म्हणण्याच्या रॅप गायनाचा तो कलावंत, शिवाय नटही. त्याच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलाविले. त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. १९७३ साली भरती बंद झाली, तरी अनेक जण तिथेच राहिले, बायकामुलेही आली. परंतु 'पाहुणा' हा शिक्का तिथे जन्मलेल्या पिढीवरूनही पुसला गेला नाही. एको नऊ वर्षांचा असताना, २९ मे १९९३ रोजी, झोलिंगेन येथे वंशद्वेष्ट्यांनी एका तुर्की कुटुंबाचे घर पेटविले. पाच मुली व स्त्रिया प्राणास मुकल्या.

अशा काळात एको म्योन्शेनग्लाडबाख या गावी वाढला. कूल सावाश या नामवंत रॅपरने त्याला पुढे आणले. २००३ साली त्याचा आल्बम गाजला. त्याच्या नावाचा अर्थच 'मी तरुण आहे आणि मला पैसे हवेत' असा! पुढे या गुरु-शिष्यांचे बिनसले. २००४ साली शिष्याने गाण्यातून गुरूचे वाभाडे काढले; २००५ साली गुरूनेही गाण्यातूनच परतफेड केली. मित्रांनो, शब्दांचे सामर्थ्य दोघांकडेही होते. सम्यक वाचा मात्र नव्हती.

पण एको तिथेच अडकून पडला नाही. तो लिहीत राहिला. २०१५ साली 'तीन तुर्क आणि एक बाळ' अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटात आणि २०१६ साली 'ब्लॉकबस्टाझ' या दूरदर्शन मालिकेत त्याने भूमिका केल्या. २०१८ साली त्याचे 'आबर', म्हणजे 'पण', हे गाणे आले. त्यात आधी एक जर्मन माणूस परक्यांविषयीचा राग ओकतो. मग एक तुर्की वंशाचा माणूस जर्मनांविषयीचा राग ओकतो. शेवटी एको स्वतःच्या आवाजात दोघांनाही उत्तर देतो. परक्याचा दोष दाखविणे सोपे. आपल्या माणसालाही आरसा दाखवायला धैर्य लागते.

हा 'पण' आपल्या ओळखीचा आहे. आम्ही एकदा भाड्याची खोली पाहायला गेलो. आडनाव ऐकून घरमालक म्हणाले, "आम्ही जातपात मानत नाही हो, पण शेजारच्यांचे काय?" खोली मिळाली नाही. तो 'पण' अजून सलतो. परंतु बंधू-भगिनींनो, आपल्या घरी मुलामुलींच्या लग्नाची बोलणी निघाली, की पोटजातीच्या नावाने आपणही हळूच 'पण' म्हणतोच ना? तेव्हा आपण त्या घरमालकापेक्षा वेगळे कसे?

विद्यार्थी मित्रांनो, जगाच्या 'पण'ला ठणकावून उत्तर द्या. त्यासाठी शिका, लिहा, गा. मात्र तोच शब्द आपल्या तोंडी आला, तर क्षणभर थांबा. एवढे झाले तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले, असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जयभीम!