सूर्याची भट्टी कोणाच्या मालकीची?

(करोल बाग, दिल्ली येथील व्याख्यानाचा मजकूर)



सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून आलेले गलाई कामगार या करोल बागेत सोने गाळतात. सोने १,०६४ अंशांवर वितळते. मूस ते सहन करते. परंतु हायड्रोजनच्या अणुगर्भांचे संमीलन करून ऊर्जा मिळवायची, तर तापमान दहा कोटी अंशांच्या घरात न्यावे लागते. ते झेलणारी मूस पृथ्वीवर नाही. म्हणून त्या तप्त वायूला, प्लाझ्माला, चुंबकीय क्षेत्रात कोंडतात.

१९५५ च्या जिनीव्हा परिषदेत अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी ही ऊर्जा वीस वर्षांत हाती येईल असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या टोकामाक यंत्राने मुख्य वाट आखली. फ्रान्समधील इटर हा त्याच वाटेवरील प्रकल्प आहे, आणि भारत त्यात भागीदार आहे. परंतु एवढा खर्च कोणत्याही गरीब देशाला एकट्याने पेलणारा नाही.

दुसरी वाट आहे प्लाझ्मा फोकसची. सोव्हिएत संघात फिलिपोव्ह आणि अमेरिकेत मेदर यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. कंडेन्सरांत साठवलेली वीज एकदम सोडली की प्रवाहाचे स्वतःचेच चुंबकीय क्षेत्र वायूला आवळते आणि निमिषमात्र संमीलन घडते. १९८५-८६ मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात विकसनशील देशांच्या शास्त्रज्ञांनी ३.३ किलोज्यूलची अशी यंत्रे स्वतः उभारली. त्याच बनावटीच्या यंत्रावर येथून जवळच, दिल्ली विद्यापीठात, संशोधन झाले.

भ्रम मात्र नको. प्लाझ्मा फोकसमधून खर्चाहून अधिक ऊर्जा आजवर मिळालेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. पण लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली.

भांडवलाला तेवढा धीर कोठला? हेलियन या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टशी २०२८ पासून वीज पुरवण्याचा करार केला. वीज जन्मण्याआधीच तिचा धनी ठरला! ज्या विज्ञानावर हे उभे आहे, ते मात्र दशकानुदशके जनतेच्या पैशावर वाढले.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे: विद्यापीठांतील लहान, पर्यायी प्रयोगांना सरकारी निधी द्या, त्यांचे निष्कर्ष सर्वांना खुले ठेवा. गलाई कामगार सोने गाळतो, ते सोने त्याचे नसते. सूर्याच्या भट्टीबाबत तसे होऊ देता कामा नये.